आधी बळ, मग कसब

आजच्या लेखात खत नाही, बियाणे नाही, फवारणीही नाही. आज आपल्या पोरांविषयी बोलायचे आहे. पिकांच्या पाहणीला गावोगाव फिरताना एखाद्या शाळेच्या आवारात, एखाद्या मारुतीच्या देवळाशेजारी पुरलेला मल्लखांब दिसतो. बांधावरची चर्चा संपून चहा आला की कुणीतरी हळूच विचारते, "साहेब, पोराला मल्लखांबावर घालावं का? उंची खुंटते म्हणतात." दुसरा विचारतो, "पोरगी जिल्ह्याला निवडली गेलीय. आता दोन्ही वेळा तालीम दिली तर राज्याला जाईल का?" आणि आतून आजीबाईंचा आवाज येतो, "पोरीच्या जातीला हे हवंच कशाला?"

मी शेतकी पदवीधर, तालमीतला वस्ताद नव्हे. पण वाढत्या जिवाला पाणी किती, ताण किती आणि फळ केव्हा धरायचे, हा माझ्या रोजच्या कामाचाच विषय आहे. त्या नजरेने पाहिलेले आणि जाणत्या शिक्षकांकडून व डॉक्टरांकडून समजून घेतलेले आज तुमच्यापुढे ठेवतो.

मल्लखांब ही आपल्या मातीतली कसरत. कुस्तीगिरांनी एकट्याने सराव करावा म्हणून तो पुढे आला. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांच्या खांबाचा उल्लेख सापडतो. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येला पुन्हा ऊर्जितावस्था आणली. वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर त्यांना ती सुचली, अशी कथा सांगतात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी व्यायाम जगाला दाखवले. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली आणि परदेशची मुले आपल्या खांबावर चढली. २०२१ चा अर्जुन पुरस्कार हिमानी परब या मुंबईच्या मुलीला मल्लखांबासाठी मिळाला. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा हा आता जत्रेतला खेळ राहिलेला नाही. स्पर्धा आहेत, गुण आहेत, निवडी आहेत. आणि जिथे निवड आली तिथे आईबापांची घाईही आली.

घाईचे बोलण्याआधी एका शंकेचे निरसन करतो. गावातले जुने लोक म्हणतात, "शेतात काय कमी व्यायाम होतो? पोर पाटी उचलतं, पाणी धरतं, गवत कापतं. आणखी वेगळी ताकद कशाला?" शंका रास्त आहे. शेतकाम करणारे पोर काटक असते, उन्हातान्हाला टिकते, यात वाद नाही. परंतु शेतकाम एकाच बाजूचे असते. खुरपताना, कांदा लावताना, कापूस वेचताना माणूस पुढे वाकतो. छाती आक्रसते, कंबर धरते, मांडीच्या मागच्या शिरा आखडतात. मल्लखांबाला नेमके उलटे लागते. डोके खाली, पाय वर, सगळा भार पंज्यांवर, मांड्यांच्या पकडीवर आणि पोटावर. शेतातले काटक पोर पहिल्या दिवशी खांबाला मिठी मारते आणि घसरत खाली येते ते यामुळेच. त्याच्या अंगात जोर असतो, पण ज्या जागी हवा त्या जागी तो नसतो.

आता खांबाविषयी. पुरलेला मल्लखांब सागवानी किंवा शिसवी लाकडाचा, जमिनीच्या वर सुमारे साडेआठ फूट. बुंध्याशी जाड, वर निमुळता, मग मान आणि शेंड्याला बोंड. त्याला एरंडेल चोळतात. दुसरा प्रकार टांगता मल्लखांब, आणि तिसरा दोरीचा. दोरीच्या जागी पूर्वी वेत असे. मुली दोरीवर फार सुरेख काम करतात. दोरीला गाठ मारायची नसते. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोरी पकडून सारे अंग तोलायचे. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, वेल, ताजवे, फरारे ही उड्यांची आणि पकडींची नावे तुमच्या पोरांच्या तोंडून तुम्ही ऐकली असतील.

ही नावे ऐकायला गोड वाटतात. पण त्यांतल्या प्रत्येकीच्या खाली बळाचा पाया लागतो. ताजव्यात सगळे अंग आडवे तोलायचे, तर पोट आणि कंबर कणखर हवी. वर चढायचे तर खांदे हवेत. उतरायचे तर गुडघे आणि घोटे हवेत. पाया नसताना पोराला वरची उडी शिकवली, तर ते ती कशीबशी करते, टाळ्याही मिळतात. पण भार चुकीच्या सांध्यावर पडतो. तो आज कळत नाही, वर्षा-दोन वर्षांनी कळतो.

मग बळ कसे वाढवावे? सात-आठ वर्षांच्या पोराला लोखंडी वजने लागत नाहीत. त्याच्या अंगाचे वजन पुरेसे आहे. आडव्या दांडीला लोंबकळणे ही पहिली पायरी. दहा-पंधरा सेकंदांपासून सुरुवात करावी. ते जमले की लोंबकळतच गुडघे छातीशी आणावेत, पुढे काही महिन्यांनी सरळ पाय वर घ्यावेत. उताणे पडून कंबर जमिनीला चिकटवावी आणि खांदे व पाय थोडे उचलून होडीसारखा आकार धरावा. पालथे होऊन कोपरांवर आणि चवड्यांवर अंग फळीसारखे सरळ ठेवावे. जोर प्रथम गुडघे टेकून काढावेत. बैठका, टाचा उचलणे, एका पायावर तोल धरणे, आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली भिंतीला पाय लावून हातांवर उभे राहणे, एवढे पुरे. दोरी शिकणाऱ्या मुलीने जाड सुती दोरीचा तुकडा पायाच्या बोटांत धरून उचलण्याचा सराव घरच्या ओसरीवरही करावा.

प्रत्येक प्रकार दोन-तीन वेळा, आठवड्यातून तीन दिवस. एकच नियम कडक पाळायचा. आकार बिघडला की थांबायचे. कंबर खचली, खांदे कानाला लागले, श्वास कोंडला की ती मोजणी धरायची नाही. वाकड्या अंगाने काढलेल्या पन्नास जोरांपेक्षा सरळ अंगाने काढलेले आठ जोर जास्त कामाचे. हे घरच्या माणसालाही ओळखता येते, त्याला वस्ताद लागत नाही.

इथे एक बारकावा आहे. वर्षांच्या हिशेबात आधी बळ आणि मग कसब. परंतु एका दिवसाच्या तालमीत क्रम उलटा असतो. अंग गरम केले, थोडे पळाले, सांधे मोकळे केले, की ताज्या अंगाने आधी उड्या आणि पकडी शिकायच्या. बळाचे व्यायाम शेवटी. आधी जोर-बैठका काढून थकलेले पोर खांबावर चढवले तर पकड सुटते. पोरे पडतात ती बहुधा तालमीच्या शेवटच्या भागात, थकव्याने. म्हणून "जाता जाता एकदा अवघड उडी दाखव" असे कुणी पाहुण्यांसमोर म्हटले, तर शिक्षकाने सरळ नकार द्यावा.

आणि उतरणे शिकवावे. चढण्याचे कौतुक सगळेच करतात, पण आधी खाली येणे शिकवायला हवे. दोन्ही पाय एकदम, गुडघे किंचित वाकलेले, मग टाचा टेकवून स्थिर. बुटक्या ओट्यावरून चटईवर उतरण्याचा सराव महिनाभर झाल्यावर उंचीवरून.

आता उंचीचा प्रश्न. व्यायामाने उंची खुंटते, ही समजूत खोटी आहे. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, बेताने केलेल्या बळाच्या व्यायामाने वाढ थांबत नाही; हाडे उलट बळकट होतात. जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर अंगमेहनतीची हालचाल करावी आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारी. जिम्नॅस्टिक्सचे मोठे खेळाडू बुटके दिसतात, कारण त्या खेळात ठेंगणी मुले जास्त पुढे जातात. बास्केटबॉल खेळून माणूस उंच होत नाही, तसेच हे.

मात्र दुसरी गोष्ट खरी आहे आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. वाढत्या हाडांच्या टोकांशी वाढीची मऊ कूर्चा असते. हाड तिथून वाढते, आणि तीच जागा नाजूक असते. मुलींची झपाट्याची वाढ साधारण अकरा-बारा वर्षांच्या आसपास, मुलांची तेरा-चौदाच्या आसपास. त्या वर्षा-दीड वर्षात हाडे पुढे धावतात आणि स्नायू मागे राहतात. काल येणारी उडी आज येत नाही. पोर अवघडल्यासारखे दिसते. आपण म्हणतो, आळशी झाले, लक्ष नाही. खरे पाहता त्याचे अंगच त्याला नवे झालेले असते. या काळात नवी अवघड उडी शिकवू नये, उड्यांची संख्या कमी करावी, पायाचे व्यायाम चालू ठेवावेत. दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने उंचीची खूण करा. खूण एकदम वर सरकली की शिक्षकाला कळवा.

मनगट, टाच किंवा गुडघ्याच्या खालचे हाड तालमीनंतर रोज दुखत असेल, तर ते दुखणे अंगावर काढू नये. कंबर मागे वाकवली की खालच्या मणक्यात दुखते, ही तक्रार तर मुळीच नाही. कमानी आणि उड्यांच्या अतिसरावाने तिथल्या हाडाला बारीक चीर जाऊ शकते. तेल चोळून ती भरत नाही. हाडांच्या डॉक्टरकडे जावे लागते आणि विश्रांती घ्यावी लागते.

माझ्या फिरतीतल्या एका गावची मुलगी अशीच. बारा वर्षांची, दोरीवर अतिशय चपळ. जिल्ह्याची स्पर्धा तीन आठवड्यांवर आली आणि तिची कंबर दुखू लागली. शिक्षकाने तिला खाली बसवले आणि डॉक्टरकडे न्यायला सांगितले. बाप संतापला. त्याचे डाळिंब पाहायला मी गेलो होतो, तर बागेऐवजी तेच सांगू लागला. "साहेब, वर्षभर पोरीला नेलं-आणलं, आणि ऐन वक्ताला मास्तर म्हणतो बस. दोन गोळ्या घेऊन होऊ द्या की स्पर्धा! एकदा निवड झाली की पुढं नोकरीचं बघता येतं."

आम्ही ज्या ओळीत उभे होतो ती लागवड दुसऱ्या वर्षाची होती. झाडांना कळ्या आल्या होत्या आणि दोन बायका त्या खुडून टाकत होत्या. मी विचारले, "या कळ्या का खुडताय?"

"तुम्हीच तर सांगितलंत. दोन वर्षं फळ धरायचं नाही, झाड बसतं."

मी पुढे काही बोललो नाही. तोही बोलला नाही. जरा वेळाने त्याने बायकांना दुसऱ्या ओळीला जायला सांगितले आणि मला विचारले, "हाडांचा डॉक्टर तालुक्याला कोणत्या वारी असतो?"

चीर निघाली. मुलगी काही महिने दोरीपासून लांब राहिली. त्या वर्षीची स्पर्धा गेली. पुढल्या वर्षी ती उतरली तेव्हा तिला बक्षीस मिळाले नाही, आठवी की नववी आली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टींच्या शेवटी सुवर्णपदक असलेच पाहिजे असे आपल्याला वाटते. तिला पदक मिळाले नाही. पण तिची कंबर आज दुखत नाही, ती अजून दोरीवर जाते आणि संध्याकाळी लहान मुलींना अंगठ्याची पकड शिकवते.

डाळिंबाचे दुसरे उदाहरण ताणाचे. बहार धरायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी जमिनीत जास्त. शेजाऱ्याने दिला म्हणून आपण तेवढाच दिला, तर झाड वाळते. आणि ताण तोडल्यावर खतपाणी दिले नाही, तर फूलच येत नाही. पोरांचेही असेच आहे. व्यायाम हा ताण आहे. बळ त्यानंतरच्या जेवणात आणि झोपेत वाढते. द्राक्षवाले बंधू तर एप्रिलच्या खरड छाटणीत काडी तयार करतात, तेव्हा ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड येतो. बारा महिने स्पर्धेची तालीम देणारे आईबाप खरड छाटणी न करताच घड मागतात. स्पर्धा संपली की दोन आठवडे पोराला मोकळे खेळू द्या, मग काही महिने फक्त पाया.

जगानेही हे अनुभवाने शिकून घेतले. १९७६ साली माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये रुमानियाची नादिया कोमानेची चौदा वर्षांची होती आणि तिने दहापैकी दहा गुण मिळवले. पुढे लहान मुलींवर पडणारा भार पाहून वयाची अट वाढत गेली. १९९७ पासून, त्या वर्षात सोळा पूर्ण होत नसतील तर मुलीला जिम्नॅस्टिक्सच्या मोठ्या जागतिक स्पर्धांत उतरता येत नाही. आपल्या त्रिपुराची दीपा कर्माकर घ्या. लहानपणी तिचे तळपाय सपाट होते, या खेळाला ते अडचणीचे. गुरू बिश्वेश्वर नंदी यांनी तिच्या पायांवर दीर्घकाळ मेहनत घेतली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती व्हॉल्ट प्रकारात चौथी आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. म्हणजे तेराव्या वर्षी पदक नाही मिळाले, तर काही बिघडत नाही.

खाण्याविषयी डबाबंद पावडरींच्या मागे लागू नका. ज्वारी-बाजरीची भाकरी, घट्ट वरण, मोडाची उसळ, पालेभाजी, दूध किंवा ताक, चालत असेल त्या घरी अंडी. तालमीनंतर शेंगदाणे-गुळाचा लाडू आणि भरपूर पाणी. झोप दहा वर्षांच्या पोराला नऊ तास तरी हवीच. मुलगी "हलकी" राहावी म्हणून तिचे जेवण कमी करणे हा गुन्हा समजा. अर्धपोटी तालीम केली तर हाडे ठिसूळ होतात आणि पाळी लांबते किंवा बंद पडते. पाळी सुरू झालेल्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तर आईने डॉक्टरांना दाखवावे. पाळी आली म्हणून मात्र तालीम बंद करू नये. आजीबाईंना सांगा, झाशीच्या राणी लक्ष्मीबाई लहानपणी ब्रह्मावर्तात मल्लखांब शिकल्या असे सांगतात. त्या का पोरीच्या जातीच्या नव्हत्या? मुलींच्या तालमीला एखादी जाणती बाई हजर असावी आणि तालमीची जागा उघडी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणारी असावी.

नोकरीचेही स्पष्ट बोलतो. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, ही गोष्ट खरी. पण त्याला स्पर्धांचे आणि क्रमांकांचे नियम आहेत आणि तिथपर्यंत थोडेच पोहोचतात. पोराच्या पाठीच्या मोबदल्यात ती नोकरी घेण्यासारखी नाही. मिळाली तर वरकड समजा.

तेव्हा येत्या आठवड्यात एवढे करा. एका संध्याकाळी हातातले काम बाजूला ठेवून तालमीच्या जागी जाऊन तासभर बसा. खांबाला तडा नाही ना, तो खोल आणि घट्ट पुरलेला आहे ना, खाली जाड गादी आहे ना, दोरी जिथे बांधली तिथे झिजली नाही ना, हे डोळ्यांनी पाहा. मग शिक्षकांना तीन गोष्टी विचारा. पोराला नवी उडी देण्याआधी कोणते बळ तपासता? पोर "दुखतंय" म्हणाले तर काय करता? आणि आठवड्यात विश्रांतीचा दिवस कोणता? तीनही उत्तरे धडपणे मिळाली, तर त्या माणसाला जपा. ताण देण्यासाठी जो शिक्षक पोराच्या पाठीवर बसतो किंवा छडी दाखवतो, त्याच्याकडून पोर काढून घ्या, मग त्याच्या भिंतीवर कितीही ढाली टांगलेल्या असोत.

आणि शेवटची गोष्ट आपल्याच घरातली. कांदा काढणीच्या किंवा वेचणीच्या दिवसांत पोर दिवसभर वाकून शेतात राबले असेल, तर त्या संध्याकाळी त्याची तालीम हलकी ठेवायला शिक्षकांना कळवा. पोर स्वतः होऊन ते सांगणार नाही; ते तुम्हालाच सांगावे लागेल.